शंभर किलो सुताला शंभर किलो मीठ

(दृश्य: सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. रंगखान्याचं दार. आत मिठाच्या पोत्यांची थप्पी.)

निवेदन:
ही पोती किराणा दुकानाची नाहीत. टॉवेल-चादरींच्या सुती धाग्यावर रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक रीतीनं जोडला जाणारा रंग, चढवायचा तर पाण्यात मीठ लागतं. मीठ नसेल तर रंग धाग्याकडे वळतच नाही, पाण्यातच रेंगाळतो. गडद निळा किंवा मरून हवा असेल तर लिटरमागे 50 ग्रॅम मीठ सहज जातं. हौदात लडी सोडून रंगवायची जुनी रीत म्हणजे किलोभर सुताला साधारण 20 लिटर पाणी. 100 किलो सूत, 2,000 लिटर पाणी. आता मिठाचा हिशेब करा. 100 किलो! जेवढं सूत तेवढंच मीठ. आणि त्यातलं चिमूटभरही टॉवेलात राहत नाही, सगळं धुऊन बाहेर जातं.

(दृश्य: हौदातून उचललेल्या लड्या. रंगीत पाणी नाल्याकडे वाहतंय.)

हे पाणी जातं कुठे, हा प्रश्न सोलापुरात जरा जास्तच टोचतो. मुळात गाव पाण्याला महाग. उजनी धरण भरलं तरी शहरातल्या नळांना वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांनी पाणी आलंय. कारखान्याला टँकर मागवावा लागला की प्रत्येक लिटरला किंमत चिकटते. म्हणून इथं पर्यावरणाची गोष्ट भाषणातून सुरू होत नाही, बिलातून होते. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही.

रंगवण्याच्या बंद मशीनमध्ये तेच काम किलोला 8 ते 10 लिटरमध्ये होतं. 8 लिटर धरले तर 100 किलो सुताला पाणी 800 लिटर आणि मीठ 40 किलो. पाणी कमी केलं की मीठ कमी, गरम करायला लाकूड कमी, सांडपाण्यातला क्षारही कमी. एका खर्चाला हात घातला की चार खर्च खाली येतात. अडचण मशीनच्या किमतीची आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

मशीन नसलेल्यानं काय करावं? त्यावर एक साधा उपाय आहे. रंगवल्यानंतर सूत पुन्हा पुन्हा धुतात. शेवटच्या धुण्याचं पाणी जवळपास स्वच्छ असतं. ते सोडून न देता शेजारच्या हौदात साठवायचं आणि पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरायचं. त्यासाठी एक हौद आणि एक पंप लागतो, आणि पाण्याचा रंग बघून "हे चालेल, हे नाही" सांगणारा जुना कामगार. तिसरी गोष्ट विकत मिळत नाही.

(दृश्य: बॉयलर. भट्टीत लाकूड ढकलणारे हात.)

सोलापूरच्या बऱ्याच रंगखान्यांत वाफ लाकडावर तयार होते. ओलं लाकूड जाळलं तर बरीच उष्णता त्याच्या पोटातलं पाणी उडवण्यातच जाते. मे महिन्यात इथला पारा 42-43 अंशांवर चढतो. ते ऊन फुकट आहे. लाकूड आधी आणून वाळवायचं आणि पावसाळ्यात पत्र्याखाली ठेवायचं. इतकी उघड गोष्ट, तरी निम्मे ढीग उघड्यावर भिजत असतात.

दुसरी गोष्ट बॉयलरला परत येणाऱ्या पाण्याची. वाफेनं काम केलं की तिचं पुन्हा पाणी होतं, चांगलं गरम. ते गटारात सोडतात आणि बॉयलरमध्ये गार पाणी भरतात. बॉयलरचं ठोकताळ्याचं गणित असं: आत जाणारं पाणी दर 6 अंशांनी जास्त गरम असेल तर इंधन सुमारे 1 टक्का वाचतं. गार पाण्याऐवजी 30 अंशांनी जास्त गरम पाणी गेलं तर 5 टक्के. दिवसाला एक टन लाकूड जाळणाऱ्याचे रोजचे 50 किलो वाचले. त्याला लागतात एक पाइप, एक टाकी आणि पाइपांवर उष्णता धरून ठेवणारा लेप. उघड्या पाइपाला हात लागला की कामगाराला चटका बसतो, मालकाला तो महिनाअखेरीला कळतो.

(दृश्य: पूर्व भाग. मागांचा खडखडाट. टॉवेलाचा माग, जवळून.)

1877 साली इथं पहिली कापड गिरणी उभी राहिली. गाव तिला जुनी मिल म्हणतं. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, धंदा मात्र पूर्व भागातल्या घरांत आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहिला. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी तो धरून ठेवला. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे.

हा टॉवेलाचा माग जरा नीट बघा. उभे धागे गुंडाळलेले दोन रूळ, म्हणजे बीम, आहेत, एक ताठ, एक सैल. तीन आडवे धागे पडले की फणी त्यांना एकदम पुढे रेटते. ताठ धागे जागचे हलत नाहीत, सैल धागे मात्र वर उचलले जाऊन फासे होतात. पाणी शोषणारे ते फासे हेच. सैल धाग्याचा ताण किंचित चुकला तर फासे लहान-मोठे होतात आणि टॉवेल दुय्यम मालात जातो. वाया जाणारं सूत वाचवायचं तर सुरुवात ताणापासून.

चादरीवरचा मोर जॅकार्डनं येतो, म्हणजे नक्षीप्रमाणे उभे धागे उचलणाऱ्या यंत्रानं. जुन्या पद्धतीत प्रत्येक आडव्या धाग्यासाठी भोकं पाडलेला एक पुठ्ठा, असे शेकडो पुठ्ठे दोरीत ओवलेले. नक्षी बदलायची तर सगळी माळ बदला. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमध्ये तेच काम फाइल बदलून होतं. फायदा वेगाचा आहेच, पण छोट्या कारखानदाराला खरा फायदा थोड्या मालाचा. पन्नास चादरींची ऑर्डरही परवडते, गोदामात न खपणारा ढीग लागत नाही. न खपलेल्या मालात पाणी, मीठ, लाकूड आणि मजुरी सगळंच बुडतं.

मागाच्या मोटारीकडे कुणी बघत नाही. एक अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर 12 तास चालली तर 9 युनिटांहून जास्त जातात. जळाली की रिवाइंडिंग करून, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून, आणतात. रिवाइंडिंग हलक्या हातानं झालं तर प्रत्येक खेपेला मोटार थोडी जास्त वीज खाते, आणि शेडमध्ये अशा वीस मोटारी.

(दृश्य: कारखान्याचं छोटं ऑफिस. बिलांची फाइल.)

मग सगळे हे करत का नाहीत? पैसे अडकलेले असतात. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांच्या आत द्यायला हवेत. करार नसेल तर 15 दिवसांत. एप्रिल 2024 पासून प्राप्तिकराचंही कलम जोडलं गेलंय: वेळेत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या खरेदीची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी. कागदावर चोख. पण जुन्या गिऱ्हाइकावर कायदा दाखवायचा म्हणजे पुढची ऑर्डर घालवायची, हे दोघांनाही ठाऊक असतं. केंद्राच्या झेड (शून्य दोष, शून्य दुष्परिणाम) योजनेत सूक्ष्म उद्योगाला प्रमाणपत्राच्या खर्चावर 80 टक्के सवलत आहे. प्रमाणपत्र मिळतं, पाइपांचा लेप मात्र स्वतःच्या खिशातून.

म्हणून बदल तुकड्या-तुकड्यानं येतो. दिवाळीच्या मालाचे पैसे आले की पाइपांना लेप, लग्नसराईनंतर दोन नव्या मोटारी. कमी पाण्याचं मशीन एकट्याच्या आवाक्याबाहेरचं. तीन शेजाऱ्यांनी मिळून एक घ्यायचं, तर पहिला प्रश्न येतो ते बसवायचं कुणाच्या शेडमध्ये. दुसरा, सणाच्या तोंडावर आधी कुणाचं सूत रंगणार.