सरकी अडवा, धागा ओढा

नमस्कार श्रोतेहो. वेचणीचे दिवस आहेत. घरात कापसाची गंजी लागली असेल, तर चिमूटभर कापूस हातात घ्या आणि सरकी बोटांनी सोडवून बघा. धागा सोडता सोडत नाही. याच चिवटपणानं १७९३ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात एली व्हिटनी या तरुणाला कामाला लावलं.

तिथल्या आखूड धाग्याच्या कापसावर सरकी काढायचा दोन रुळांचा जुना रेचा चालत नव्हता. आख्यायिका अशी, की कुंपणाच्या फटीतून कोंबडीवर झडप घालणारं मांजर व्हिटनीनं पाहिलं. कोंबडी फटीतून येईना, पंजात आली नुसती पिसं! बस्स, प्रश्न उलटला. धाग्यातून सरकी काढायची नाही. सरकी जागीच अडवायची आणि धागा ओढून न्यायचा. पुन्हा सांगतो: सरकी अडवा, धागा ओढा. लाकडी रुळावर तारेचे दात, समोर अरुंद फटी, मागं दातांतली रुई झाडणारा फिरता ब्रश. ब्रश नसता तर दात रुईनं भरून यंत्र तुंबलं असतं.

पण दात धागा तोडतात. १८४० साली अमेरिकेतल्याच फोन्स मॅकार्थीनं दातच काढून टाकले. चामड्याचा खरबरीत रूळ, त्याला टेकलेलं स्थिर पातं आणि सरकीला ठोकणारं हलतं पातं. आपल्या जिनिंगमधलं, म्हणजे सरकी-रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यातलं, डबल रोलर यंत्र याच घराण्यातलं आहे. दोन रूळ, मधे बीटर, म्हणजे तेच ठोकणारं पातं. तत्त्व तेच: सरकी अडवा, धागा ओढा.

शाळेतल्या पोरांनी हे घरी करून बघावं. लाटण्यावर सायकलची जुनी ट्यूब घट्ट चढवा, पॉलिश पेपरनं घासून खरबरीत करा. स्टीलची पट्टी तिच्यावर टेकवा, कापूस लावा आणि लाटणं फिरवा. रुई पट्टीखाली जाते, सरकी काठाशी अडते. तिला दुसऱ्या पट्टीनं हलकेच ठोकत राहा. बीटर कशासाठी, ते तिथंच कळतं. पट्टी सैल धरली तर रुई निसटते, फार दाबली तर रबर तापतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, एकच. दोन बदलल्या तर कशानं सुधारलं ते कळणार नाही.

आणि हो, कापूस प्लास्टिकच्या पोत्यात भरू नका, हे मी दरवेळी सांगणार. पोत्याचा धागा रुईत मिसळला की त्याला रंग धरत नाही, कापडात पांढरी रेघ उमटते. सुती चादर वापरा, बाप्पा.

मॅकार्थीच्या घराण्यातल्या रुळाचीही एक खोड होती. पुढं आलेले क्रोम चामड्याचे, म्हणजे क्रोमियमनं कमावलेल्या चामड्याचे, रूळ घासले जाताना क्रोमियमची धूळ उडते, ती कामगारांच्या छातीत जाते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं चामड्याऐवजी रबर चढवलेल्या सुती कापडाचे रूळ तयार केले. पातं जागीच राहिलं, बीटर जागीच राहिला, बदलला फक्त रूळ.

प्रयोगाला कापूस वाळलेला घ्या. ओला असला तर लाटण्याला गुंडाळतो.