नुसता व्हॉल्व्ह बदलून भागत नाही

बसा बसा, मागे पण खुर्च्या आहेत. मे महिन्याच्या अशा उन्हात तुम्ही इतके जण आले, बरं वाटलं. तो कूलर थोडा कमी करा भाऊ, मागच्यांना ऐकू येऊन नाही राहिलं.

तर व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमधला, म्हणजे काचेच्या नळ्यांवर आवाज मोठा करणाऱ्या जुन्या सेटमधला, एखादा व्हॉल्व्ह (ती काचेची नळी) जातो, फ्यूज उडतो, आणि आपण पहिले काय करतो तर नवीन व्हॉल्व्ह आणून लावतो. मी पण हेच केलं होतं. महाल भागातल्या एका घरचा जुना सेट, दोन ईएल३४ चा (आउटपुटच्या व्हॉल्व्हचा हा एक नंबर), नवीन जोडी लावली आणि पाच मिनिटांत एकाची प्लेट, म्हणजे आतला बाहेरच्या बाजूचा पत्रा, लालभडक. महागडा व्हॉल्व्ह गेला, आणि बिघाड जिथल्या तिथेच. म्हणून सांगतो, गेलेला व्हॉल्व्ह आपल्यासोबत काय काय घेऊन गेला ते आधी पाहा, किंवा त्याला कोणी मारला ते पाहा.

हात घालायच्या आधी प्लग काढा आणि फिल्टरचे कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे डबे) रिकामे करा. त्यात ४०० व्होल्ट बसलेले असतात, स्विच बंद केला तरी. १० के, ५ वॅटचा रेझिस्टर लावा, मग मीटरने खात्री करा. पेचकसने शॉर्ट करू नका, ताई-भाऊ, खरंच नका करू.

आता पहिला संशय स्क्रीनच्या, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीच्या, रेझिस्टरवर, चार नंबरच्या पिनला असतो तो. माझ्या त्या सेटमध्ये ४७० ओमचा होता, वरून नुसता थोडा तपकिरी दिसत होता, एक पाय सोडवून मोजला तर ओपन, म्हणजे आतून तुटलेला. मग कॅथोडचा (जिथून इलेक्ट्रॉन निघतात त्याचा) रेझिस्टर, मग हीटरला, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारेला, दोन्हीकडून ग्राउंडला गेलेले १०० ओमचे दोन छोटे रेझिस्टर असतील तर ते. ईएल३४ मध्ये तीन नंबरला प्लेट आणि तिच्या शेजारीच दोन नंबरला हीटर, तिथे ठिणगी पडली की सॉकेटवर काळी रेघ उमटते, ती कोळशाची असते आणि करंट वाहते. खरवडत बसू नका, सॉकेटच बदला.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचे (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीचे) दोन्ही भाग मोजा, थोडा फरक चालतो, पण एक बाजू ओपन असली तर ट्रान्सफॉर्मर गेला. आतले एक-दोन वेढे शॉर्ट असले तर मात्र मीटरवर कळत नाही.

आणि माझ्या सेटमधला खरा गुन्हेगार होता कपलिंग कपॅसिटर, जो आधीच्या टप्प्याचा आवाज पुढच्या व्हॉल्व्हला देतो पण डीसी अडवतो. आउटपुटचे व्हॉल्व्ह काढून, सिरीज बोर्डवर (ज्यात वीज एका बल्बमधून सेटला जाते) लावून, पाच नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिड या पहिल्या जाळीवर, डीसी मोजायचं. कॅथोड बायसच्या सेटमध्ये, म्हणजे कॅथोडच्या रेझिस्टरनेच करंट आवरला जातो अशा सेटमध्ये, तिथे शून्य पाहिजे, मला जवळपास ४ व्होल्ट पॉझिटिव्ह दिसले, म्हणजे कपॅसिटर लीक, आणि तोच ग्रिडला वर ढकलून व्हॉल्व्ह जाळत होता. बोर्डचा बल्ब चालू करताना भपकन लागून मंद झाला पाहिजे, तसाच जळत राहिला तर लगेच बंद करा, शॉर्ट अजून आहे. फ्यूज लिहिला आहे तितकाच लावा, तार गुंडाळू नका.

शेवटी नवीन व्हॉल्व्ह लावून, स्पीकर जोडूनच, खोलीतला लाइट बंद करून दहा मिनिटं प्लेट लाल होते का ते बघत बसा. चला, टेबलावरचा हा सेट उघडू, आधी कपॅसिटर रिकामे करतो, जरा मागे सरका.