हरियलची शीळ

(पडदा काळा. फक्त आवाज.)

चित्र थोड्या वेळाने येईल. आधी ऐका.

पहिल्या दिवशी आमचा ध्वनिमुद्रक वैतागून म्हणाला होता, "मागे कोण शीळ घालतंय? त्याला जरा गप्प करा रे!" मागे कोणीच नव्हतं. वर वड होता.

(पहाट. त्र्यंबक रस्त्यापासून आत, शेताच्या बांधावरचा वड.)

हा हरियल, महाराष्ट्राचा राज्यपक्षी. कबुतराच्याच कुळातला, पण आवाज ऐकून कोणाला पटायचं नाही. गोदाघाटावर पारवे दिवसभर घुमतात, ते नाशिककरांच्या कानात मुरलेलं आहे. पारवा चोच मिटून घुमतो. गळा फुगवतो आणि आवाज आतल्या आत घोळवतो. बांधावरचा होलाही तसाच, फक्त अंमळ मऊ.

हरियलची मात्र शीळ. चढते, उतरते, मध्येच रेंगाळते. एखादं पोर चाल आठवत आठवत शीळ घालतं आणि ऐन धृपदाशी विसरतं, तशी. आपलं स्वरयंत्र गळ्यात वरच्या बाजूला असतं. पक्ष्यांचं खाली, श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथे. एवढ्याशा जागेतून माणसाच्या ओठांवरची वाटावी अशी शीळ निघते!

(झाडाचा शेंडा. कोवळं ऊन.)

शोधा बघू. हिरवट पिवळं अंग, राखी डोकं, खांद्यावर जांभळी छटा आणि हळदीत बुडवल्यासारखे पाय. वर्णन सोपं आहे. पानांत बसलेला हरियल दिसणं सोपं नाही. चाहूल लागली की अख्खा थवा जागच्या जागी थिजतो, शीळही बंद. दोन सकाळी आम्ही नुसती पानं चित्रित केली.

तिसऱ्या दिवशी युक्ती सापडली, तीही बांधावर भेटलेल्या एका आजोबांमुळे. "वर कशाला बघताय? खाली ऐका," ते म्हणाले.

(टप. टप. टप टप.)

ही पिकलेली वडफळं. वर न्याहारी चालू असली की खाली सडा पडतो. वड, पिंपळ, उंबर ही हरियलची खानावळ. ही झाडं सगळी एकाच वेळी पिकत नाहीत, म्हणून थवा आज इथे, तर उद्या दुसऱ्याच शिवारात. जमिनीवर तो क्वचितच उतरतो. पहाटे मात्र शेंड्याच्या उघड्या फांदीवर ऊन खात बसतो. कॅमेऱ्याला तेवढीच संधी.

(शीळ. थोडी शांतता. पुन्हा शीळ, दुसऱ्या फांदीवरून.)

मी इथे बोलायचं ठरलं होतं. नको.

(लांबून दूधवाल्याची मोटारसायकल. शीळ तुटते.)

आणि आता हा आवाज—

(पंखांचा फडफडाट.)

पानांमधून एकदम वीस-पंचवीस पक्षी सुटले. आम्ही मोजले होते सहा.

(रिकामी फांदी. टप.)