माणूस आजारी, पत्ता शोधणार कोण?

(नाशिकच्या इंदिरानगर भागात ज्येष्ठ नागरिक आणि महिलांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाले. तरी मनाच्या आजारासाठी योग्य माणूस कसा शोधायचा, या विषयावर बोलायला तुम्ही मला बोलावलंत, कारण मधली दोन-तीन वर्षं मी एका माणसासाठी या शहरात बरीच पायपीट केली. तो माणूस माझा धाकटा भाऊ. निफाड तालुक्यात त्याची अडीच एकर द्राक्षबाग आहे. इथे बोलू का, असं त्याला आधी विचारलं. म्हणाला, "बोल ताई, फक्त गावाचं नाव घेऊ नको." म्हणून ते घेत नाही.

त्या वर्षी माल उतरायला आला आणि अवकाळी पाऊस पडला. मणी तडकले. जो माल वाचला तो एका व्यापाऱ्यानं उचलला, निम्मे पैसे दिले आणि फोन बंद केला. आपल्या जिल्ह्यात हे कुणाला नवीन नाही. भाऊ यातून आधीही दोनदा उठला होता. या वेळी उठला नाही. एप्रिलच्या छाटणीचे दिवस आले, आजूबाजूच्या बागांत कात्र्या चालू झाल्या, आणि हा ओट्यावर बसून. पोटात आग होते म्हणायचा, झोप नाही म्हणायचा. एंडोस्कोपी झाली, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. भावजय मला म्हणाली, "ताई, रिपोर्ट चांगले आले याचं ह्यांना वाईटच वाटलं." ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. काहीतरी सापडलं असतं तर निदान त्याच्या दुखण्याला नाव मिळालं असतं.

मधल्या काळात लिंबू उतरवून झालं, एका बाबांकडे जाऊन झालं. त्या माणसांना मी हसत नाही. घाबरलेलं घर दिसेल ते दार ठोठावतं.

मग मी त्याला म्हटलं, "अरे, कुणाशी तरी मोकळं बोल. शहरात समुपदेशक असतात, शोध की एखादा." हे मी बोलले, आणि आजही मला त्याचं वाईट वाटतं. जो माणूस सकाळी दात घासायला उठत नव्हता, त्याला मी सांगत होते की फोन लाव, चौकशी कर, अपॉइंटमेंट घे, एसटी पकड. पाय मोडलेल्याला आपण म्हणतो का, की चालत जाऊन हाडांचा डॉक्टर शोधून ये? नैराश्यात पहिली मोडते ती नेमकी हीच गोष्ट, उठून काहीतरी करायची ताकद. आळस वेगळा आणि हे वेगळं. दीड महिना त्यानं एकही फोन केला नाही. आणि मी त्याच्यावर चिडत राहिले.

आज जे सांगायला आले आहे ते एवढंच. शोधाशोध घरच्यांनी करायची. समुपदेशकाच्या खोलीतलं बोलणं मात्र त्याचं त्याला करू द्यायचं. आपण बहुतेक घरांत याच्या बरोबर उलट वागतो. शोधायला त्याला एकट्याला सोडतो, आणि आत गेल्यावर त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो.

पहिल्यांदा माझ्याही हातून तेच झालं. रस्त्यावरची एक पाटी वाचून मी नंबर घेतला. त्या गृहस्थांनी आम्हा तिघांना एकत्र बसवलं, भाऊ, भावजय आणि मी. पाऊण तासात चाळीस मिनिटं ते स्वतःच बोलले. सकारात्मक विचार करा, बायकोमुलांकडे बघा, पुरुषासारखे पुरुष तुम्ही. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, हे तर आपल्या मामांसारखं बोलले. मामा पैसे घेत नाहीत." त्यानंतर दोन महिने त्यानं कुणाकडेही जायला नकार दिला. मला त्या पाटीखालची पदवी विचारायचंही सुचलं नव्हतं.

म्हणून आधी पाट्यांबद्दल बोलते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. हे एमबीबीएस होऊन पुढे या विषयात एमडी किंवा पदविका घेतलेले डॉक्टर. निदान करतात, गोळ्या लिहून देतात, त्यांची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते. दुसरे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. हे गोळ्या देत नाहीत. बोलण्यातून, ठरवून दिलेल्या पद्धतीनं उपचार करतात, मानसशास्त्रीय चाचण्या घेतात. यांची नोंदणी दिल्लीच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आरसीआय म्हणतात ती. ही परिषद १९९२च्या कायद्यानं आली, आणि नोंदणी झालेल्यांना क्रमांक मिळतो. तो विचारायचा. त्यात अपमान काही नाही, खऱ्या माणसाला राग येत नाही. तिसरे समुपदेशक, काउन्सेलर. यांच्यात मानसशास्त्रात एमए करून, नंतर वर्षानुवर्षं कुणा ज्येष्ठांच्या हाताखाली काम केलेली फार चांगली माणसं आहेत. आणि दोन-चार आठवड्यांचा कोर्स करून पाटी लावलेलीही आहेत. काउन्सेलर हा शब्द कुणी लावायचा याला वकिलांसारखी सनद लागत नाही. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा झाला, त्यात मानसशास्त्राशी संबंधित व्यवसायही घेतले आहेत. तरी आज पाटी बघून काही कळत नाही, म्हणून फोनवर विचारावं लागतं.

दुसऱ्या वेळी मी वहीच केली. शाळेची सवय. एका पानावर एक नाव. शिक्षण काय, कुठून घेतलं, अशा त्रासाच्या किती माणसांबरोबर काम केलंय, एका वेळचे किती पैसे, किती मिनिटं, साधारण किती वेळा यावं लागेल, परवडलं नाही तर सवलत आहे का. आणि एक प्रश्न मी मुद्दाम विचारायची, "गरज पडली तर तुम्ही त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवता का?" एका ठिकाणी उत्तर आलं, "गोळ्यांच्या नादी लावूच नका, मी दोन बैठकांत बरं करतो." त्या पानावर मी तिथेच काट मारली. पुढं किती दिवस लागतील हे कोणताही जाणता माणूस फोनवर छातीठोकपणे सांगत नाही.

भाषेचंही विचारा. आपल्याला वाटतं नाशिकमध्ये सगळे मराठीच बोलणार. पण एका ठिकाणी भावाच्या हातात इंग्रजी कागद दिला, गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं त्यावर खुणा करा म्हणून. तो कागद उलटसुलट करत बसला. दुखणं मराठीत होतं हो. "जीव उदास होतो", "मन लागत नाही", "छातीवर धोंडा ठेवल्यासारखं", असं तो सांगत होता. हे ज्याला कळतं, तोच आपल्या कामाचा.

उपचार खरे सुरू झाले ते त्र्यंबक रोडवरच्या आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे जिल्हा रुग्णालयात. शेजारच्या बाईंनी सांगितलं म्हणून गेलो. आमच्या पिढीच्या डोक्यात मानसिक उपचार म्हटलं की ठाणं, नाहीतर येरवडा. माणसाला तिथे ठेवून यायचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून चालू आहे, त्याचा उद्देशच हा की माणसाला जिल्ह्यातच उपचार मिळावेत, हे मला साठीत कळलं. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. गर्दी असते, बाकड्यावर बसावं लागतं, डॉक्टरांना दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही. पण त्या दहा मिनिटांत डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला, "सकाळी जास्त जड जातं की संध्याकाळी?" भावानं मान वर केली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाला, "सकाळी. पहाटे तीनला जाग येते, तेव्हा सगळ्यात वाईट." डॉक्टर म्हणाले, "असं होतं या आजारात." आजार हा शब्द ऐकल्यावर भावजय रडायला लागली, आणि ते रडणं सुटल्याचं होतं. थायरॉईड आणि बी-१२ तपासायला सांगितलं, कारण त्यांच्यामुळेही माणूस असा होऊ शकतो. गोळ्या दिल्या.

गोळ्यांचं थोडक्यात सांगते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून फेकून द्यायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंदही करायच्या नाहीत. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, त्या डॉक्टर मोजूनच देतात. दोन्ही एकच समजू नका.

त्याच भेटीत डॉक्टरांनी भावाला सरळ विचारलं, जगणं नको वाटतं का. माझ्या अंगावर काटा आला, वाटलं नसतं ते डोक्यात घालताहेत. तसं नसतं. विचारल्यानं विचार येत नाही, असलेला बाहेर पडतो. भावाच्या डोक्यात तो होता. त्या संध्याकाळी भावजयीनं फवारणीच्या औषधांची खोली बंद केली, कुलूप घातलं, आणि किल्ली तिच्या भावाकडे दुसऱ्या गावात गेली. शेतकऱ्याच्या घरात हे काम सगळ्यात आधी करा. बाकीचं उद्या.

सिव्हिलच्या डॉक्टरांनीच सांगितलं की गोळ्यांबरोबर नियमित बोलणंही हवं. वहीतल्या चौथ्या पानावरच्या बाई आम्हाला लाभल्या. आरसीआयचा क्रमांक त्यांनी विचारायच्या आधी सांगितला. पहिल्या दिवशी मी सवयीनं भावाबरोबर आत निघाले, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसाल का? गरज लागली तर त्यांना विचारून तुम्हाला बोलावीन." त्यांना विचारून. मी बाहेर बसले.

दर गुरुवारी तो एसटीनं यायचा, नाशिकच्या द्वारका चौकात उतरायचा, मी तिथे उभी असायची. सुरुवातीला तो दवाखान्याच्या इमारतीत शिरायच्या आधी इकडंतिकडं बघायचा, कुणी गाववाला दिसतोय का. नाशिक एवढं वाढलं, तरी कॉलेज रोडवर दोन ओळखीचे भेटल्याशिवाय राहत नाहीत. मी त्याला म्हणायची, "विचारलं कुणी तर सांग ताईच्या गुडघ्यासाठी आलोय." नंतर नंतर त्याला ते लागेनासं झालं. परत जाताना आम्ही मिसळ खायचो. आत काय बोललास, हे मी एकदाही विचारलं नाही. जीभ चावून बसायची, खरं सांगते. तो आपणहून सांगायचा कधीमधी. एकदा म्हणाला, "बाईंनी काम दिलंय. रोज बागेतली एकच ओळ. एक ओळ झाली की घरी यायचं, दुसरीला हात लावायचा नाही." मला वाटलं, हे कसले उपचार! पण त्यामागे विचार आहे. मन बरं झाल्यावर कामाला लागू म्हणून माणूस बसून राहतो, आणि बसून राहिल्यानं मन आणखी खाली जातं. म्हणून झेपेल एवढं छोटं काम आधी, मन त्याच्या मागून येतं. तिसऱ्या आठवड्यात भावजयीचा फोन आला, "ताई, आज ह्यांनी गपचूप दोन ओळी केल्या."

पहिल्याकडे जमलं नाही तर दुसरीकडे जायला लाजू नका. तीन-चार भेटींनंतरही ऐकून घेतल्यासारखं वाटत नसेल तर तसं त्यांनाच सांगा, किंवा बदला. आपण शिंपी बदलतो. पण ओळखीतला, नात्यातला समुपदेशक मात्र नको, पुढच्या लग्नकार्यात तोच पंगतीला शेजारी बसणार.

कायदा आपल्या बाजूनं आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की सरकारी सेवेतून असे उपचार मिळणं हा माणसाचा हक्क आहे, त्याची माहिती गुप्त ठेवली पाहिजे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरलं पाहिजे. तुमची पॉलिसी काढून वाचा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली बंगळुरूच्या निमहान्स संस्थेनं केलं. त्यात दिसलं की आजार असूनही उपचारापर्यंत न पोचलेल्यांचं प्रमाण वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के आहे. मी हा आकडा वाचला तेव्हा मला त्यांच्या घरातली माणसं दिसली, "शोध की एखादा" म्हणणारी.

ज्यांना बाहेर पडणंच शक्य नाही, घरात सून आहे, आजारी सासू आहे, किंवा मुलगा खोलीचं दार उघडत नाही, त्यांनी १४४१६ हा क्रमांक लिहून घ्या. टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारनं चालू केलेली सेवा, रात्री-बेरात्रीही, पैसे नाहीत, मराठीत बोलता येतं. काळजी करणाऱ्या घरच्यांनीही लावला तर चालतो. मी स्वतः एकदा रात्री दीड वाजता लावला होता, भावासाठी नाही, माझ्यासाठी. सांभाळणाराही थकतो.

भाऊ आता बरा आहे, गोळी डॉक्टरांनी कमी करत आणली आहे. मधे एक वाईट महिना आला होता, तेव्हा पुन्हा गुरुवार सुरू केले.

माझी वही मी बरोबर आणली आहे. कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या खोलीत बसते. ज्यांना नावं उतरवून घ्यायची असतील, त्यांनी एकेकट्यानं या, घोळक्यानं नको. कुणासाठी हवंय ते मी विचारणार नाही.