कालची तारीख काढताना

तुमच्यापैकी बहुतेकांच्या ऑफिसात रात्री एखादी बॅच फाइल, म्हणजे विंडोजला द्यायच्या हुकमांची यादी, चालत असणार. फोर्टातलं सीएचं ऑफिस असो की भिवंडीतलं गोदाम, काम तेच: दिवसभराच्या डेटाची झिप करायची, नावात कालची तारीख घालायची, महिन्यापूर्वीच्या झिप उडवायच्या. झिप करणं सोपं. अडतं ते ‘काल’पाशी. ही फाइल चालवणाऱ्या कमांड प्रॉम्प्टला, म्हणजे विंडोजच्या त्या काळ्या खिडकीला, आज ठाऊक असतो, काल नसतो.

आणि आजही तो धड सांगत नाही. ‘डेट’ या व्हेरिएबलात (नाव दिलेल्या कप्प्यात) जे येतं ती विंडोजमधल्या रिजनच्या, म्हणजे देशाच्या, सेटिंगप्रमाणे लिहिलेली नुसती अक्षरं असतात. भारतीय सेटिंगला १५-०६-२०२४. अमेरिकन सेटिंगला आधी वाराची तीन अक्षरं, मग ०६/१५/२०२४. पहिली दोन अक्षरं म्हणजे दिवस असं धरून चालणारी स्क्रिप्ट तिथे वारच कापून आणते. त्यात हे सेटिंग प्रत्येक युजरचं वेगळं. तुम्ही डबल क्लिक करून बघता तेव्हा सगळं ठीक. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्यूलरने तीच फाइल विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम अकाउंटखाली चालवली की फॉरमॅट बदलू शकतो. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे भांडण पुष्कळदा इथून सुरू होतं.

दुसरी खोड याहून वाईट. हिशेबाला बॅच फाइलमध्ये ‘सेट /ए’ आहे. शून्याने सुरू होणारा आकडा तो अष्टमान पद्धतीतला (दहाऐवजी आठाच्या पटीत मोजण्याच्या) समजतो, आणि अष्टमानात ८ आणि ९ हे अंकच नाहीत. ०७ मधून एक काढा, ६ येतील. ०८ मधून काढा, ‘इनव्हॅलिड नंबर’. बरं, स्क्रिप्ट थांबत नाही हो! व्हेरिएबलात जुनं ०८ तसंच राहतं आणि कालच्या फाइलला आजची तारीख लागते. रात्री दोन वाजता त्या काळ्या खिडकीतली एरर बघायला कोण बसलंय? महिन्यांतही तेच, ऑगस्ट आणि सप्टेंबर. उपाय साधा: आकड्याआधी १ चिकटवा, १०८ झाले की १०० वजा करा.

आता महिन्याची एक तारीख. एकातून एक गेला, शून्य. मग लोक तीस-एकतीसच्या ‘इफ’ची, म्हणजे ‘असं असेल तर’ अटींची, रांग लावतात, त्यात लीप वर्ष, त्यात २००० लीप होतं पण २१०० नसेल. माझं म्हणणं, तारखांची वजाबाकी करूच नये. आपल्या पंचांगकर्त्यांनी कुठे केली? ठरलेल्या दिवसापासून किती दिवस लोटले ते मोजलं, त्याला अहर्गण म्हणतात. कलियुगारंभापासून मोजलं तर आकडा अवाढव्य होतो. त्यावर तोड काढली मुरुडजवळच्या नांदगावचे ज्योतिषी गणेश दैवज्ञ यांनी. त्यांनी १५२० सालच्या ‘ग्रहलाघवा’त अकरा वर्षांचं, ४०१६ दिवसांचं एकेक चक्र बाजूला काढलं आणि हातात छोटा आकडा ठेवला.

युरोपातला ज्युलियन दिवस हीच कल्पना, आरंभ इ.स.पू. ४७१३. फ्लीगेल आणि व्हॅन फ्लँडर्न या दोघांनी १९६८ साली तारखेवरून हा आकडा काढायचं सूत्र पूर्णांकांत बसवलं. भागाकारात उरलेलं टाकून द्यायचं, ‘सेट /ए’ करतो तसंच. त्यातला एक तुकडा मला फार आवडतो: महिन्यातून १४ वजा करा, १२ ने भागा. जानेवारी-फेब्रुवारीला उत्तर उणे १, बाकी सगळ्यांना शून्य. झालं, हे दोन महिने मागच्या वर्षाला जोडले गेले, वर्ष मार्चपासून सुरू झालं आणि २९ फेब्रुवारी वर्षाच्या शेवटी गेली. लीपची वेगळी ‘इफ’ लागतच नाही. ‘सेट /ए’ची मर्यादा ३२ बिटांची, २१४ कोटींच्या थोडी वर, आपल्या काळातल्या तारखांना हे सूत्र कोटीच्या आत राहतं.

पडताळून बघा. १ मे १९६०, महाराष्ट्राचा जन्म: उत्तर २४३७०५६. सातने भागून बाकी ६. शून्याला सोमवार धरला तर रविवार. कॅलेंडर तेच सांगतं. दिवसांच्या आकड्यातून एक वजा करायचा आणि उलट सूत्राने परत तारीख करायची.

आजची तारीख मात्र ‘डेट’मधून घेऊ नका. विंडोजमधलं ‘डब्ल्यूएमआयसी’ हे माहिती विचारायचं साधन ती सेटिंग न बघता देतं, वर्ष-महिना-दिवस सलग आणि शेवटी +३३०, म्हणजे ग्रिनिचच्या पुढची आपली मिनिटं. (जुनी मुंबई वेळ असती तर +२९१ दिसलं असतं, ती १९५५ पर्यंत टिकून होती!) पण मायक्रोसॉफ्टने हे साधन आता मोडीत काढलंय, नव्या विंडोज ११ वर ते असेलच असं नाही. तेव्हा पॉवरशेल (कमांड प्रॉम्प्टचा नवा भाऊ) असेल तर बॅच फाइलमधूनच त्याला हाक मारा: ‘गेट-डेट’, पुढे ‘ॲडडेज’ उणे १, आणि फॉरमॅट तुम्ही सांगाल तो. एका ओळीत काम होतं, सूत्र पाठ करायला नको.

आणि जुन्या झिप उडवायला तर तारीख काढावीच लागत नाही. तारखेवरून फाइली निवडणाऱ्या ‘फोरफाइल्स’ला ‘/डी’ उणे ३० सांगा, तो स्वतःच मोजतो. फक्त तो फाइलच्या नावातली तारीख वाचत नाही, शेवटच्या बदलाची बघतो. महिन्यापूर्वीची झिप आज कोणी उघडून सेव्ह केली असेल तर ती उडणार नाही. आधी फाइल उडवणाऱ्या ‘डेल’च्या जागी नुसतं नाव छापणारं ‘एको’ घालून यादी बघा, मग ‘डेल’ लावा.