कलम आठ आणि चार तासांची कुपी

(दृश्य : दवाखान्याचं दार. दाराशी लोखंडी स्टँड, वर सॅनिटायझरची बाटली, खाली पायाने दाबायची पट्टी.)

२०२० च्या उन्हाळ्यात हा स्टँड दारोदारी आला. बाटलीला कुणाचा हात लागू नये, म्हणून पायाने दाबायची सोय. व्हीलचेअरवरून आलेल्या माणसाचा पाय ही पट्टी दाबू शकत नाही. कुबड्यांवर उभ्या असलेल्याने एक पाय उचलला की तोल जातो. अंध व्यक्तीला बाटलीचं तोंड चाचपूनच शोधावं लागतं. आणि सॅनिटायझरची गरज व्हीलचेअरवाल्याला इतरांपेक्षा जास्त, कारण चाकाची जी कडी तो दिवसभर हाताने फिरवतो, ती रस्त्यावरच्या धुळीपासून वीतभर अंतरावर असते. शेजारच्या टेबलावर हाताने दाबायची एक साधी बाटली ठेवली असती, तर या तिघांचंही काम भागलं असतं.

(दृश्य : कायद्याच्या पुस्तिकेचं पान.)

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. त्यातलं आठवं कलम आपत्तीबद्दल आहे. आपत्तीच्या काळात दिव्यांग व्यक्तींना इतरांइतकंच संरक्षण मिळालं पाहिजे, असं ते सांगतं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवायची, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे यादी हवी, हे महामारीच्या तीन वर्षं आधी कायद्यात लिहिलेलं होतं.

टाळेबंदी २५ मार्च २०२० ला सुरू झाली. दुसऱ्याच दिवशीच्या तारखेने केंद्राच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाने सर्व राज्यांना सूचना काढल्या : माहिती ब्रेलमध्ये, ध्वनिफितीत आणि सांकेतिक भाषेत द्या, जिन्नस घरपोच पोहोचवा, मदतनीसांना ये-जा करू द्या. कागद वेळेवर आला होता. पण नाक्यावरच्या शिपायाच्या हातात असते ती अत्यावश्यक सेवांची यादी. डॉक्टर, नर्स, दूधवाला, औषध दुकानदार त्याला ओळखू येतात. पलीकडच्या वस्तीतून रोज सकाळी सहाला एका माणसाला अंथरुणातून उचलायला निघालेली बाई कोणत्या रकान्यात बसते? तिच्याकडे नेमणुकीचं पत्र नाही, ओळखपत्र नाही, पगाराची पावतीही नाही.

(दृश्य : खाट, शेजारी व्हीलचेअर. कॅमेरा गादीच्या कडेवर.)

ही बाई नेमकं काय करते, ते जवळून बघू. मानेच्या मणक्याला इजा झालेल्या माणसाला आपल्या अंगाचा भार कुठे पडतोय, ते जाणवत नाही. म्हणून अंथरुणावर दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. खुर्चीत बसल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी मिनिट-दोन मिनिटं बैठकीवरचा भार काढावा लागतो, हातात जोर नसेल तर दुसऱ्याने पुढे वाकवून. लघवीसाठी दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालायची, हात धुऊन. हे एक दिवस चुकलं तर माकडहाडावर लाल चट्टा उठतो, दाबला तरी फिका न होणारा. तिथून शय्याव्रण, म्हणजे सतत दाब पडून झालेली जखम. ते खोलवर गेलं तर भरायला महिने लागतात.

आता हाच माणूस कोविड वॉर्डात गेला असं धरा. नातेवाइकांना प्रवेश नाही, मदतनीस दाराबाहेर. एका नर्सकडे अनेक खाटा आणि अंगावर पीपीई किट. तिला सांगणार कोण, की याचा खोकला दुबळा आहे, कफ काढायला पोटावर हाताने दाब द्यावा लागतो? की याच्या शरीराला तापमान नीट सांभाळता येत नाही, त्यामुळे दाराशी लावलेल्या तापमापकाच्या आकड्यावर विसंबून चालणार नाही? याहून घातक गोष्ट आहे. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल आणि मूत्राशय तुडुंब भरलं किंवा नळीला पीळ पडला, तर रक्तदाब एकाएकी प्रचंड वाढतो. डोकं ठणकतं, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो, चेहरा लाल होतो. अनोळखी डॉक्टर अशा वेळी आधी गोळीकडे वळण्याची शक्यता असते. पहिलं काम असतं त्याला ताठ बसवणं, कपडे सैल करणं आणि मूत्राशय रिकामं करणं.

म्हणून खाटेच्या डोक्याशी एक कागद हवा, मोठ्या अक्षरात, मराठीत. कूस बदलायच्या वेळा. नळीचा आकार आणि वेळा. अंगावर कुठे संवेदना नाही. ‘हो’ आणि ‘नाही’ तो कसं सांगतो. मदतनीसाचा फोन नंबर. हा कागद घरी आधीच तयार असावा, कारण धाप लागलेली असताना कुणी कागद लिहीत बसत नाही. आणि मदतनीसाला पीपीई घालून आत सोडणं ही मेहरबानी समजू नये. चालू शकणाऱ्या रुग्णाला जशी खाट आणि ऑक्सिजन, तसा या रुग्णाला मदतनीस.

(दृश्य : मास्क घातलेली दोन माणसं काउंटरच्या दोन बाजूंना.)

कर्णबधिर व्यक्तीसाठी मास्कने अर्धी भाषाच झाकली. ओठ दिसत नाहीत, आणि भारतीय सांकेतिक भाषेत चेहऱ्याचे भाव व्याकरणाचं काम करतात, तेही दिसत नाहीत. थोडं ऐकू येणाऱ्यालाही त्रास, कारण मास्कच्या कापडात स, श, फ असे बारीक आवाज बुजतात. त्यात मध्ये काच. पारदर्शक खिडकीचे मास्क आले, पण श्वासाच्या वाफेने खिडकी धुरकटायची. भांड्यांच्या पातळ साबणाचा हात आतून फिरवून वाळवला की थोडा वेळ निभावतं. कानामागे श्रवणयंत्र असेल, तर मास्कचा इलास्टिक तिथेच अडकतो आणि मास्क काढताना यंत्र उडून पडतं. डोक्यामागे बांधायच्या नाड्यांचा मास्क वापरावा, नाहीतर दोन बटणं शिवलेली पट्टी मानेमागे ठेवून इलास्टिक त्या बटणांना अडकवावा. यंत्राच्या झिंक-एअर बॅटरीचा स्टिकर सोलला की यंत्र बंद असलं तरी ती उतरत जाते. जपून वापरून ती पुरवता येत नाही. दुकानं बंद झाल्यावर कान बंद व्हायला एक-दोन आठवडे पुरतात. काउंटरवर वही आणि जाड पेन दोरीने बांधून ठेवणं सगळ्यात स्वस्त, मात्र ज्याची लिपीशी ओळखच झालेली नाही त्याला वहीचा उपयोग नाही. त्याला व्हिडिओ कॉलवर दुभाषी लागतो.

अंध व्यक्तीला वाट दाखवताना ती आपला कोपर धरते. आणि सगळ्या देशाला तेव्हा सांगितलं गेलं होतं, की कोपरात खोका. उपाय सोपा होता, कोपराऐवजी खांदा धरायचा आणि एक पाऊल मागे चालायचं. पांढऱ्या काठीची मूठ साबणाने धुवायची, आणि घडीची काठी असेल तर टोक फडक्याने पुसूनच तिची घडी घालायची. घरात वापरायचा ऑक्सिमीटर मात्र रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा सहसा फक्त पडद्यावर दाखवतो. एकटी राहणाऱ्या अंध व्यक्तीचा आकडा ९४ च्या खाली गेला की नाही, हे तिला कोण सांगणार? अशा घरी दिवसातून ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करून फोनच्या कॅमेऱ्यातून आकडा वाचणारं माणूस नेमावं लागतं.

थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हेही याच कायद्यातल्या २१ प्रकारांत मोडतात. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, आणि टाळेबंदीत रक्तदान शिबिरं थांबली. त्या मुलांसाठी तीच आपत्ती होती.

पैशाचं थोडक्यात. केंद्राने निवृत्तिवेतन मिळणाऱ्या वृद्ध, विधवा आणि दिव्यांगांना ५०० रुपयांचे दोन हप्ते जाहीर केले, तीन महिन्यांसाठी मिळून १००० रुपये. केंद्राचं दिव्यांग निवृत्तिवेतन दारिद्र्यरेषेखालच्या आणि किमान ८० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना मिळतं. कायद्यातल्या बहुतेक सवलती मात्र ४० टक्क्यांपासून मिळतात. मधल्या लोकांना केंद्राच्या या हप्त्यांतून काहीच नव्हतं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी आणि पालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. किराणा, डायपर, नळ्या यांसाठी हाच सगळ्यात जवळचा पैसा. ग्रामसभेत तो मागावा लागतो, आणि मागताना सरासरी सांगू नये, वस्तूंची यादी आणि नग द्यावेत.

(दृश्य : फोनचा पडदा, कॅप्चा.)

मग लस आली. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढचे आणि ४५ ते ५९ मधले ठरावीक आजारांचे लोक पात्र झाले. वीस प्रकारांच्या त्या यादीत शेवटी बौद्धिक दिव्यांगत्व, मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू झिजत जाण्याचा आजार), बहुदिव्यांगत्व आणि जास्त आधाराची गरज असलेले लोक होते. वयाची अट मात्र तीच राहिली. मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा ३० वर्षांचा तरुण, ज्याच्या फुफ्फुसाची ताकद आधीच घटलेली, तो १ मेपर्यंत थांबला. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात साठा नाही म्हणून राज्याने १८ ते ४४ चं लसीकरणच थांबवलं.

नोंदणी कोविनवर. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या पोर्टलच्या अडचणी एकेक करून मांडल्या : कॅप्चा ऐकता येत नाही, वयोगट आणि लशीच्या नावाचे फिल्टर स्क्रीन रीडरला, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, उमगत नाहीत, तारीख निवडेपर्यंत पोर्टल बाहेर काढतं. चार दिवस आधी, २७ मेला, केंद्राने घराजवळच्या लसीकरण केंद्रांच्या सूचना काढल्या होत्या. घराजवळ म्हणजे दारात नव्हे. शाळेच्या व्हरांड्याला १५ सेंटिमीटरची एकच पायरी असली, तरी एकास बारा उताराने तिला १ मीटर ८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो. घाईत टाकलेली दोन फूट फळी उभी राहते आणि खुर्ची मागे उलटते.

मुंबई उच्च न्यायालयात घरपोच लसीसाठी जनहित याचिका चालली. मुंबई महापालिकेने ३० जुलै २०२१ ला के पूर्व विभागातून सुरुवात केली, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी. चौथ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय राहणारा व्हीलचेअरवाला अंथरुणाला खिळलेला नसतो, तरी खाली येऊ शकत नाही. ज्यांना घराबाहेर पडणं कठीण आहे अशा सर्वांना घरी लस द्यायची सूचना केंद्राने २३ सप्टेंबरला दिली.

(दृश्य : आइस पॅक असलेली लसपेटी, हातात एक कुपी.)

घरी लस द्यायला एवढा वेळ का लागला, याचं एक खरं कारण या कुपीत आहे. एका कुपीत दहा डोस, प्रत्येकी अर्धा मिलिलिटर. २ ते ८ अंश तापमान. कुपी उघडली की त्या वेळच्या नियमाने चार तासांत संपवायची, म्हणून उघडल्याची वेळ तिच्यावर लिहायची. डोस दिल्यावर ३० मिनिटं निरीक्षण. आता हिशेब करा. एका घरी जिने चढणं, ओळखपत्र, नोंद, टोचणं यांत १५ मिनिटं, वर निरीक्षण ३०. मधला प्रवास सोडूनच ४५ मिनिटांचं एक घर. चार तासांत पाच घरं होतात आणि पाच डोस वाया जातात.

पथकात निरीक्षणाला दोन वेगळी माणसं घेतली की गणित बदलतं. टोचणारी नर्स १५ मिनिटांत पुढे निघते, एक निरीक्षक मागे थांबतो, दुसरा पुढच्या घरी थांबतो, पहिला मोटारसायकलवर तिसरं घर गाठतो. घरं आठ मिनिटांच्या अंतरावर असतील तर दहा घरं २२२ मिनिटांत होतात. अठरा मिनिटं शिल्लक. तीही एखादं दार उघडायला उशीर झाला की जातात, म्हणून दोन घरी मदतनीसालाही त्याच बैठकीत टोचावं. घरं आठच उरतात आणि मदतनीसही सुरक्षित होतो. निरीक्षकाकडे लशीची तीव्र रिअॅक्शन आली तर द्यायला अ‍ॅड्रेनालिनची पेटी आणि ती द्यायचं प्रशिक्षण हवं. दंडाचे स्नायू झिजले असतील तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचता येतं. हिमोफिलियात रक्त लवकर थांबत नाही, म्हणून अशा व्यक्तीला शक्य तितकी बारीक सुई, आणि नंतर न चोळता किमान दहा मिनिटं दाब.

(दृश्य : आशाताईंच्या हातातली वही.)

पण हा सगळा मार्ग आखायचा तर दहा घरं कुठे आहेत, ते आधी माहीत पाहिजे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, जुन्या कायद्याच्या काळात, आठच प्रकारांत. जनगणनेची नावं गुप्त असतात, त्यामुळे त्यातून पत्ता मिळत नाही. युडीआयडीत, म्हणजे दिव्यांगांच्या केंद्रीय ओळखपत्राच्या यादीत, प्रमाणपत्र मिळालेलेच लोक. संजय गांधी योजनेच्या यादीत उत्पन्नाच्या अटीत बसणारे. प्रत्येक यादीत कुणीतरी सुटतं, आणि जिने उतरू न शकणारा माणूस सगळ्यांतूनच सुटू शकतो, कारण प्रमाणपत्राच्या शिबिराला जायलाही जिने उतरावे लागतात.

म्हणून आठव्या कलमाची नोंद घरोघरी जाऊनच बनायला हवी, आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या वहीत, आणि दर सहा महिन्यांनी तपासली जायला हवी. दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी एवढ्या दोन रकान्यांनी भागत नाही. कोणता मजला, लिफ्ट आहे का. न चुकता लागणारी औषधं आणि साहित्य, किती दिवसांचा साठा. सूचना कशी पोहोचेल, फोनवर, मेसेजने की दारात येऊन. विजेवर चालणारं यंत्र आहे का. मदतनीस कोण, तो कुठून येतो. आणि तो येऊ शकला नाही, तर रात्री दोनला कूस कोण बदलणार, त्या दुसऱ्या माणसाचं नाव आणि नंबर.