घर नाकारलं, हे सिद्ध कसं करायचं?

नमस्कार श्रोतेहो.

"सॉरी, ती जागा कालच गेली." भाड्याचं घर शोधणाऱ्याला हे उत्तर कधी ना कधी मिळतंच, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. खोटं असेल तर ते पकडायचं कसं? अमेरिकेत सरकारी तपासनिसांना याचं रीतसर प्रशिक्षण देतात. आज त्याविषयी बोलू.

मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ची. ११ एप्रिलला फेअर हाउसिंग अ‍ॅक्टवर सही झाली. वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश बघून घर नाकारायला बंदी आली. १९७४ मध्ये त्यात लिंग आलं, १९८८ मध्ये अपंगत्व आणि पदरी लहान मुलं असणं. त्याच १९८८ च्या दुरुस्तीने कायद्याला दात आले. त्याआधी केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे 'हड'च्या हाती समेट घडवण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. आता बऱ्याच तक्रारींचा तपास राज्यांच्या आणि शहरांच्या यंत्रणा करतात. त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी हडने २००४ साली प्रशिक्षण अकादमी सुरू केली.

नव्या तपासनिसाला पहिल्यांदा शिकवतात ते तक्रार ऐकून घ्यायला. "मला हाकललं" एवढ्यावर फाइल उभी राहत नाही. तारीख कोणती, समोर कोण होतं, नेमके शब्द काय होते, त्या वेळी आणखी कोण हजर होतं, हे सगळं लागतं. इथे एक चूक नेहमी होते. मालक स्वतः राहत असेल आणि इमारतीत चारपर्यंतच घरं असतील, तर कायद्यात सूट आहे. ती दिसली की नवखा माणूस फाइल बंद करतो. पण सूट जाहिरातीला नाही! "मुलं असलेल्यांनी फोन करू नये" असं छापलं, तर तो मालकही अडकतो. शिवाय वंशाच्या कारणाने नाकारलं असेल, तर १८६६ चा जुना नागरी हक्क कायदा आहेच, आणि त्यात ही सूट नाही.

पुढचं काम कागदांचं. मालक म्हणतो, "उत्पन्न कमी पडलं." असेल. मग त्याच काळात ज्यांना घर दिलं त्यांचे अर्ज मागवायचे आणि तितक्याच उत्पन्नाच्या कुणाला होकार मिळाला का, ते पाहायचं. तुलना केल्याशिवाय कारण खरं की सबब, हे कळत नाही.

सगळ्यात नाजूक भाग टेस्टरचा. दोन माणसं भाडेकरू म्हणून एकाच जागी पाठवतात. उत्पन्न, नोकरी, कुटुंब, सगळं सारखं. फरक फक्त वंशाचा किंवा ज्याची तपासणी आहे त्या गोष्टीचा. ज्याच्याशी भेदभाव होईल अशी शंका आहे, त्याची बाजू कागदावर किंचित वरचढच ठेवतात, म्हणजे पुढे सबब उरत नाही. दुसऱ्याला काय अनुभव आला हे पहिल्याला सांगत नाहीत. बाहेर पडल्याबरोबर प्रत्येकाने एकट्याने अहवाल लिहायचा: किती वाजता पोचलो, किती घरं दाखवली, भाडं आणि डिपॉझिट किती सांगितलं, जागा कधीपासून रिकामी.

प्रशिक्षणातली बरीच मेहनत या लिहिण्यावरच जाते. "बाई तुसडेपणाने वागल्या" हे मत झालं. "बाई खुर्चीतून उठल्या नाहीत, अर्जाचा फॉर्म मागूनही दिला नाही" हा पुरावा. आणि टेस्टरने समोरच्याला डिवचून काही वदवून घ्यायचं नाही. तसं केलं की कोर्टात सगळी मेहनत पाण्यात जाते. खोटी माहिती मिळालेला टेस्टर स्वतः दावा लावू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली हेवन्स रिअल्टी खटल्यात मान्य केलं.

आपल्याकडे खासगी भाड्याच्या घरांसाठी असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. तरी मुंबई-पुण्यात आडनाव ऐकल्यावर किंवा "नॉनव्हेज खाता का?" विचारून जागा नाकारली जाते, तिथे काम करणाऱ्या संस्थांनी ही जोडीने जायची पद्धत जरूर शिकावी.

अपंगांच्या बाबतीत तपासनिसाच्या हाती मापाची टेप असते. १३ मार्च १९९१ नंतर वापरात आलेल्या, चार किंवा अधिक घरांच्या इमारतींमध्ये दारातून साधारण ३२ इंच मोकळी वाट हवी. चूक होते ती मापात. ३२ इंची फळी बसवली म्हणजे झालं, असं बिल्डर धरून चालतो. पण दार काटकोनात उघडून, फळीच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीच्या पट्टीपर्यंत मोजायचं असतं. फळीची जाडी वाट खाते, म्हणून ३४ इंची दार लागतं. हे दोन इंच नकाशावर लक्षात येत नाहीत. व्हीलचेअर अडते तेव्हा येतात.

तपास १०० दिवसांत संपवावा, असं कायदा सांगतो. तो लांबतो, म्हणून तपासाच्या सुरुवातीलाच मालकाला कागदपत्रं जपून ठेवायला लेखी कळवायला शिकवतात.

तुमच्या घरचं कुणी तिकडे भाड्याने राहत असेल, तर त्यांना एवढं सांगा: हडकडे तक्रार घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी लागते, कोर्टात जायला दोन वर्षं असतात. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि आलेले मेसेज पुसू नका. फोनवर नकार आला, तर बोलणाऱ्याचं नाव, वेळ आणि शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा. तक्रार केली म्हणून मालकाने त्रास दिला, तर तो कायद्याचा वेगळा भंग धरून त्याचीही तक्रार करता येते.

नमस्कार.